इंच नक्की केवढा?

एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. पुढचे दशांश सोयीसाठी गाळलेत असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. पुढे काहीच नाही. हा आकडा मोजून आलेला नाही, १ जुलै १९५९ पासून तो ठरवून लागू झाला.

त्याआधी इंच एकच नव्हता. अमेरिकेने १८९३ मध्ये ३९.३७ इंच म्हणजे एक मीटर असं धरलं. भागाकार करून बघा, इंच २५.४ मिलिमीटरहून केसभर मोठा येतो. ब्रिटनचा इंच ठरत होता ब्राँझच्या एका दांड्यावरून, आणि तो होता २५.४ हून केसभर लहान. शिवाय हा प्रमाण दांडा स्वतःच हळूहळू आखडत होता!

बाजारात कापड मोजताना कुणाला फरक कळणार? पण यंत्राचे सुटे भाग दोन देशांत बनायला लागले, की कळतो. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहानसन यांनी अचूक मापाचे पोलादी ठोकळे बनवले आणि इंचाचे ठोकळे करताना सरळ २५.४ मिलिमीटर धरले. कारखान्यांनी ते मान्य केलं. सरकारं मागून आली, तीही काही दशकांनी.

अमेरिकेने तर १९५९ मध्येही जमीनमोजणीसाठी जुना फूट राखून ठेवला. फरक दहा लाखांत दोन भाग, म्हणजे काहीच नाही, नाही का? पण इथल्या नकाशांवर मूळ बिंदूपासूनचं अंतर वीस लाख फूटही असतं. चुकीचा फूट धरला की तुमची हद्द चार फूट सरकली! तो जुना फूट अधिकृतपणे निवृत्त झाला २०२२ च्या अखेरीस. म्हणजे अगदी काल-परवा.

आपल्याकडे हाच घोळ फोनवर होतो. गावाकडून कुणीतरी सांगतं, "गुंठा काय नि आर काय, एकच." गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०१.१७ चौरस मीटर. आर म्हणजे बरोब्बर १००. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. चाळीस गुंठ्यांचा एकर तुम्ही चाळीस आर समजून लिहून दिलात, तर सुमारे ४७ चौरस मीटर गेले. पाचशे चौरस फूट. मुंबईत तेवढ्यात एक कुटुंब राहतं.