तळटीप : शाब्ली

* शाब्ली : फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील याच नावाच्या गावाभोवती, कालवांच्या अश्मीभूत शिंपल्यांनी भरलेल्या चुनखडीच्या भूमीत, केवळ शार्दोने जातीच्या द्राक्षांपासून होणारी, गोडी जवळजवळ नसलेली पांढरी वाइन. त्या देशात वाइनचे नामकरण बहुधा द्राक्षाच्या जातीवरून न होता ती ज्या भूमीत पिकली तिच्यावरून होते; आणि १९३८ साली या नावाची हद्द व द्राक्षाची जात सरकारने कायद्याने मुक्रर केल्यापासून तेथे परक्या मालावर ते घालण्यास सक्त मनाई आहे. अमेरिकेत मात्र वाटेल त्या स्वस्त पांढऱ्या वाइनला हेच नाव सर्रास दिले गेले, हा त्या भूमीवर उघड अन्याय होय. प्रस्तुत ग्रंथात सर्वत्र मूळ फ्रेंच शाब्लीच अभिप्रेत आहे. – संपादक