चवथीला घरचे तवशे हवे? पेरणीची तारीख उलटी मोजा

चवथीच्या आदल्या दोन दिवसांत डिचोलीच्या माटोळी बाजारात उभे राहिले की एकेका तवशाचा भाव ऐकून माणूस गप्प होतो. मक्याच्या चार कणसांचीही तीच गत. खरे म्हणजे ही दोन्ही पिके पेडणे-डिचोलीतल्या, तसेच पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतल्या कुठल्याही परसात येतात. पाऊस चुकत नाही, मातीही फारशी चुकत नाही. बहुतेकांची चुकते ती तारीख.

आपल्याकडे पहिला पाऊस पडला की बी टाकायची सवय आहे. पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो, चवथ मात्र दरवर्षी सरकते. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने ती १४ सप्टेंबरला गेली, म्हणजे तब्बल १८ दिवस पुढे. पावसाबरोबर पेरलेला मका अशा वर्षी चवथीआधीच वाळून कडक होतो आणि तवशी पिवळी पडून वेल म्हातारा होतो. म्हणून हिशेब उलटा करायचा. मक्याचे हिरवे कणीस पेरणीपासून साधारण ७५ ते ८५ दिवसांत मिळते. माटोळीला शोभेल असे भरलेले तवशे व्हायलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात. १४ सप्टेंबरपासून ८० दिवस मागे गेले की २६ जून येतो. २७ ऑगस्टपासून मोजले तर ८ जून. कोशिंबिरीची कोवळी काकडी ४५ ते ५० दिवसांत सुरू होते, तिच्यासाठी जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आणखी दोन आळी लावली तरी चालतात.

उशिरा पेरायचे तर अडचण एकच, आणि ती मोठी आहे. जूनअखेर आणि जुलैत गोव्यात पाऊस सर्वांत जोरात असतो आणि बी उगवण्याआधीच कुजते. यावर उपाय ओसरीवरच आहे. तवशाचे बी रात्रभर भिजवून कागदी पेल्यात माती-शेणखत भरून लावा, दोन खरी पाने आली की पेल्याचा तळ फाडून मुळे न हलवता आळ्यात बसवा. मक्याचे रोपही आठ-दहा दिवसांचे असताना हलवता येते, त्यापेक्षा मोठे झाले की ते रुसते.

जागा उंच हवी. डिचोलीकडच्या जांभ्या जमिनीत पाणी झिरपते, पण मातीचा थर पातळ. मांद्रे, मोरजी, हरमलच्या रेताड परसात पाणी लगेच निघून जाते आणि खतही त्याच्याबरोबर जाते. दोन्हीकडे वीतभर उंच गादी करून भरपूर कुजलेले शेणखत आणि थोडी चुलीची राख मिसळावी. आपली माती आंबट असते, राखेने तो आंबटपणा थोडा मोडतो. रेताड जागी खत एकदम न घालता थोडे थोडे तीन-चार वेळा द्यावे. तवशाची आळी मीटरभर अंतरावर, प्रत्येकात दोनच रोपे. वेल जमिनीवर सोडला की पावसाळ्यात फळ खालून सडते, म्हणून मांडव आधीच घालून ठेवा. वेल वीतभर झाल्यावर खांब पुरायला गेलात तर मुळेच तुटतील.

मक्याच्या बाबतीत आमच्याकडे एका वर्षी झालेली फजिती सांगतो. कुंपणाच्या कडेने एकच ओळ लावली होती. झाडे माणसाच्या उंचीची झाली, कणसे सोलली तर आत दाणे इकडे चार, तिकडे पाच; दात पडलेल्या आजोबांसारखी! मक्याचे परागण वाऱ्यावर होते. शेंड्यावरच्या तुऱ्यातला पराग खाली कणसाच्या केसांवर पडावा लागतो आणि प्रत्येक केसामागे एक दाणा भरतो. एका ओळीत तो पराग वाऱ्याबरोबर शेजाऱ्याच्या अंगणात जातो. म्हणून झाडे कमी असली तरी चौकोनात लावा: दीड फुटावर चार ओळी, ओळीत वीतभर अंतराने पाच-पाच झाडे. तुरा आल्यावर पाऊस लागून राहिला तर उघडीप मिळताच सकाळी तुरे हलवून पराग केसांवर झाडावा. गुडघाभर उंचीला खत आणि मातीची भर द्या, नाही तर श्रावणातल्या वाऱ्यात झाडे आडवी होतात. गोड मका आणि गावठी मका शेजारी-शेजारी एकाच वेळी लावू नका, गोड मक्याचा गोडवा जातो.

‘फुलां येतात, पूण तवशीं धरनात’ ही तक्रार जुलैत घरोघरी ऐकू येते. पहिली काही फुले नर असतात, ती गळणारच. ज्या फुलामागे बोटाएवढी काकडी दिसते ते मादी फूल. सलग पावसात मधमाश्या फिरत नाहीत. सकाळी नर फूल तोडून, पाकळ्या काढून मादी फुलात हलकेच टेकवा. फळ धरले की पुढचा शत्रू फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, फळ वाकडे होते आणि आतून सडते. फळ बोटाएवढे असतानाच पातळ कापडाची पिशवी बांधणे हा परसातला सर्वांत खात्रीचा उपाय. क्यू ल्यूरचा सापळा लावला तर त्यात नर माश्या अडकतात. किडके फळ कुंपणापलीकडे भिरकावू नका, फूटभर खोल पुरा. मक्याच्या पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली तर ती लष्करी अळी. २०१८ मध्ये भारतात पहिल्यांदा आढळली आणि आता सगळीकडे आहे. दहा-वीस झाडांत ती हाताने वेचून मारता येते, फवारणीची गरज नाही.

माकडांवर मात्र खात्रीचा उपाय कोणी सांगितला तर त्यावर विश्वास ठेवू नका. बुजगावणे चार दिवस चालते. कणसांना जाळी किंवा कापड बांधले तर पोपट आणि मोर आवरतात; रानडुकरांना भक्कम कुंपणच लागते. २०२५ च्या सप्टेंबरात दोडामार्गाकडून पेडण्यात उतरलेल्या ओंकार हत्तीने दाखवून दिले की जनावराला राज्याची हद्द कळत नाही. डोंगराकाठच्या घरांनी मका दाराजवळ, नजरेच्या टप्प्यात लावलेला बरा.

केस तपकिरी होऊन वाळले आणि दाणा नखाने दाबल्यावर दुधासारखा रस आला की कणीस तोडा. शिजवायचे पाणी आधी उकळत ठेवून मग तोडायला जा, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ व्हायला लागते. तवशी सकाळी तोडावीत. देठाकडची चकती आधी चाखून बघा, कडूपणा बहुतेक तिथेच साठतो. फार मोठे झालेले तवशे वाया जात नाही: बिया काढून, किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून गोव्यात तवसाळी आणि मालवणकडे धोंडस होते.

एक तवसे मात्र वेलावरच ठेवा, मांडवाच्या मधल्या जागचे, पिशवीत बांधलेले, कीड नसलेले. ते पूर्ण पिवळे-तांबूस होऊ द्या. बिया धुऊन राखेत घोळून सावलीत सुकवायच्या. दोन चांगली गावठी कणसेही सालीसकट चुलीवरच्या धुरात टांगून ठेवावीत. बाजारातल्या संकरित पाकिटातल्या बियांपासून पुढच्या वर्षी तसेच फळ येत नाही, गावठी बियांपासून येते. एकाच घरातले बी कधी उंदीर खातात, कधी बुरशी. म्हणून मूठभर बी शेजारी आणि मूठभर तेरेखोलपलीकडच्या सोयऱ्यांकडे देऊन ठेवा. चवथीला ते आले की त्यांच्याकडचे मागून घ्या.