कोनशिला आणि कौले

निजामशाहीच्या वास्तूंचा आपणां नगरकरांना अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्या वास्तूंत आपल्या मुलांनी रंधा धरला, भाता ओढला, त्यांचा इतिहास आपण क्वचितच सांगतो. त्या इतिहासातील एकच प्रश्न आज आम्ही घेणार आहोत : अशा शाळेच्या इमारतीला पैसा द्यावयाचा कोणी?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशनने येथे उद्योगशाळा चालविली. मुंबईचे गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीमुळे तिला त्यांचे नाव मिळाले. तेथे सुतारकाम व धातुकाम शिकवीत. याच पेटिटांच्या औदार्याने मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटला भायखळ्यास घर लाभले होते. पण संस्थेचा पसारा वाढला आणि १९२३ मध्ये तिला माटुंग्यास जावे लागले. एका देणगीने प्रश्न कायमचा सुटत नाही, तो असा.

स्वातंत्र्यानंतर शेठजींची जागा सभासदाने घेतली. विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीस सहकारी साखर कारखाना उभारला. पुढे जिल्ह्यातील कारखान्यांच्या आश्रयाने शिक्षणसंस्था वाढल्या. उसाच्या पैशातील टनामागची लहानशी कपात मोठे काम करून गेली.

सरकारही मागे नव्हते. २००७ पासून देशातील १,३९६ सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांसाठी प्रत्येकी अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्जाची योजना आली. २०२५ मध्ये एक हजार संस्थांच्या सुधारणेसाठी साठ हजार कोटींची योजना मंजूर झाली. त्यांतील दहा हजार कोटी उद्योगांनी द्यावयाचे आहेत.

मग अडते कोठे? आमच्या मते, डागडुजीपाशी. कोनशिलेवर नाव कोरता येते. बदललेल्या कौलावर कोणाचे नाव कोरणार? म्हणून पायाला दाते मिळतात आणि गळक्या छपराला मिळत नाहीत. इतर शाळांत वर्ग गळला तर मुले बाजूला सरकतात. उद्योगशाळेत मात्र इमारत हेच एक हत्यार असते. खालची जमीन खचली की लेथचे माप चुकते. जुन्या तारा नव्या यंत्राचा भार सोसत नाहीत. ओल आली की लोखंड गंजते. अशा जागी शिकलेल्या मुलाचा हात कच्चा राहतो, आणि त्याचे मोल तो पुढे आयुष्यभर मजुरीत भरतो.

टनामागच्या कपातीने आपल्याला एक गोष्ट शिकविली आहे : थोडे, पण दर हंगामाला. शाळेच्या दुरुस्तीसाठीही तसाच नेमाचा वाटा हवा, आणि तो कारखानदार, व्यापारी व माजी विद्यार्थी या सर्वांनी उचलावा. पेटिटांएवढी थैली आपणांपैकी फार थोड्यांजवळ असेल. पण दरवर्षी चार कौलांचे पैसे काढून ठेवणे कोणाला जड आहे?