९६० तासांचा पोलीस

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या गाडीची काच फोडून कुणीतरी लॅपटॉपची बॅग पळवली. बे एरियात राहणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. ऑनलाइन तक्रार केली आणि विसरून गेलो. आठवड्याभराने पोलिसांचा फोन आला. आवाजावरून साठीच्या पुढचा माणूस वाटला. त्याने सगळं शांतपणे विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मी रिटायर्ड आहे. माझे या वर्षाचे तास संपत आलेत. काही कळलं तर एक जुलैनंतर फोन करीन."

तास संपत आलेत? हा पोलीस आहे की प्रीपेड कार्ड?

मग काय, तो शनिवार त्यातच गेला.

कॅल्पर्स या कॅलिफोर्नियाच्या सरकारी पेन्शन फंडाचा नियम असा आहे : पेन्शन चालू ठेवून त्याच फंडातल्या एखाद्या शहरात किंवा खात्यात पुन्हा काम करायचं, तर एक जुलै ते तीस जून या वर्षात फक्त ९६० तास. आठवड्याला ४० धरले तर २४ आठवडे. तासाचा दर म्हणजे जास्तीत जास्त त्या पदाचा वरचा मासिक पगार भागिले १७३.३३३. रजा नाही, विमा नाही, पेन्शनमध्ये वाढ नाही. नियम मोडला तर तुम्हाला पुन्हा नोकरीत धरतात आणि त्या काळातली पेन्शन परत मागतात. इतकी काटेकोर कंडिशन मी माझ्या कोडमध्येसुद्धा लिहीत नाही!

पण एवढं कडक व्हायची वेळ का आली? त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९४५ साली लाँग बीच शहराने आपल्या सनदेत दुरुस्ती करून पेन्शन बंद केली. केर्न नावाच्या अग्निशामक जवानाची वीस वर्षं पुरी व्हायला तेव्हा फक्त ३२ दिवस उरले होते. तो कोर्टात गेला आणि १९४७ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टात जिंकला. १९५५ साली त्याच शहराच्या आणखी एका खटल्यानंतर तत्त्व पक्कं झालं : नोकरीत असलेल्याला कबूल केलेली पेन्शन सहजासहजी कमी करता येणार नाही. माझ्या मते हा निकाल न्याय्यच होता. ३२ दिवसांसाठी कुणाची म्हातारपणाची भाकरी काढून घ्यायची नसते.

पुढे १९९९ आलं. डॉटकॉमची तेजी होती, फंड ओसंडून वाहत होता. गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांच्या सहीने हायवे पोलिसांना नवं सूत्र मिळालं : पन्नाशीत निवृत्ती आणि सेवेच्या दर वर्षामागे पगाराच्या ३ टक्के. म्हणजे ३० वर्षं केली तर ९० टक्के पेन्शन. मग एकामागून एक शहरांनीही ते उचललं. आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही, हे तर कोर्टाने आधीच सांगितलेलं!

पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. आधी डॉटकॉम फुटला, मग २००८-०९ मध्ये कॅल्पर्सचा जवळपास पाव भाग बुडाला. मे २००८ मध्ये इथून जवळच्या वॅलेहो शहराने दिवाळखोरी जाहीर केली. पोलीस कमी केले, फायर स्टेशनं बंद केली, पण पेन्शनला हात लावला नाही. २०१२ मध्ये स्टॉकटन आणि सॅन बर्नार्डिनो त्याच वाटेने गेले.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी सुधारणा कायद्यावर सही केली. एक जानेवारी २०१३ पासून तो लागू झाला. ९६० तास आधीपासून होतेच, आता भर पडली १८० दिवसांची : निवृत्तीनंतर तेवढे दिवस पुन्हा कामावर यायचं नाही. शुक्रवारी निरोप समारंभ आणि सोमवारी त्याच खुर्चीत, हे बंद.

आणि इथेच गंमत आहे. या १८० दिवसांतून पोलीस आणि अग्निशामकांना त्यांच्या नेहमीच्या कामासाठी सूट आहे! आधी वाटलं, युनियनची कमाल. पण नंतर त्या फोनची आठवण झाली. हे काम पन्नाशीनंतर झेपत नाही, असं मानून लवकर निवृत्ती दिली. पण जुन्या केस लावणारी, उमेदवारांची पार्श्वभूमी तपासणारी अनुभवी माणसंही त्यामुळे लवकर गेली, आणि त्यांनाच परत बोलवायचं दार उघडं ठेवावं लागलं.

मग किंमत कुणी मोजली? २०१३ नंतर पहिल्यांदा भरती झालेल्यांनी. त्यांना साधारण २.७ टक्के, तेही सत्तावन्नाव्या वर्षी. काम तेच, गाडी तीच, गोळीही तीच. फक्त भरतीची तारीख वेगळी.

हे वाचताना मला घरच आठवलं. बाबा राज्य सरकारी नोकरीत होते, त्यांना जुनी पेन्शन आहे. चुलतभाऊ पोलिसात, पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणून नव्या योजनेत. मार्च २०२३ मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा संप झाला तो याच तारखेवरून. बाबांचं चुकलं का? नाही. भावाचं? त्याचंही नाही. जुन्यांना दिलेला शब्द पाळलाच पाहिजे. पण तो देताना हिशोब न करणारे निघून जातात आणि बिल पुढच्या बॅचच्या नावाने फाटतं, हे मात्र दोन्हीकडे सारखंच.

असो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात खरंच फोन आला. बॅग सापडली नव्हती. पण नव्या ९६० तासांतली दहा मिनिटं त्या काकांनी माझ्यासाठी खर्च केली, याचंच बरं वाटलं.