पटकीच्या विषाची कागदपत्रे

‘नेचर’ साप्ताहिकाचा 30 मे 1959 चा अंक, खंड 183, पान 1533. या पानावर सुरू झालेला एक लेख पुढच्याच पानावर संपतो. लेखक एकच, शंभूनाथ डे; पत्ता कलकत्त्याचा. शीर्षकाचा मराठीत अर्थ असा: पटकीच्या जंतूंच्या जंतुरहित गाळीव द्रवाची आतड्यातली विषशक्ती. त्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘जर्नल ऑफ बॅक्टेरिऑलॉजी’च्या 78 व्या खंडात, पान 594 आणि 595 वर, जवळपास तेवढेच दुसरे टिपण आहे. त्याचे लेखक तिघे: एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी. पत्ता मुंबईचा, परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटचा. विषय तोच, पटकीचे विष.

दोन्ही मिळून पाने चार. पुढच्या वीस वर्षांत हेच विष शुद्ध होऊन जगभरच्या प्रयोगशाळांत हत्यार म्हणून वापरले जाऊ लागले. याची कथा सांगताना कलकत्त्याचे नाव आता आवर्जून घेतले जाते आणि ते घेतलेच पाहिजे. पण कागद तारीखवार लावून पाहिले की शुद्ध विषाच्या कुपीपर्यंतची वाट परळवरूनही गेलेली दिसते. त्या वाटेबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. रॉबर्ट कॉखने 1884 साली कलकत्त्यात पटकीचा स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू पक्का ओळखला. हा जंतू आतड्याबाहेर फारसा जात नाही आणि तरीही माणूस काही तासांत कोरडा पडून मरतो, तेव्हा तो विष सोडत असला पाहिजे, हा तर्कही कॉखचाच. चारच वर्षांनी, 1888 मध्ये, रू आणि येर्सिन यांनी पॅरिसमध्ये घटसर्पाच्या जंतूंचा द्रव गाळला आणि नुसत्या गाळीव द्रवाने प्राणी मारून दाखवले. मग पटकीच्या बाबतीत हीच गोष्ट दाखवायला 1959 का उजाडावे? मधली एकाहत्तर वर्षे कुणी हात बांधून बसले नव्हते. फायफरने 1890 च्या दशकात मेलेल्या जंतूंच्या शरीरातच विष असते असे दाखवले आणि पटकीचे विष म्हणजे तेच, ही समजूत रुजली. तपासणारे लोक द्रव शिरेत टोचत, कातडीखाली टोचत, पोटाच्या पोकळीत टोचत. प्राणी कधी मरत, कधी जगत. पण तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पाणी काही वाहत नसे. रोग आतड्याचा आणि सुई भलत्याच ठिकाणी, असा हा प्रकार होता. पाश्चर परंपरेतल्या व्हायोल आणि क्रेंदिरोपुलो यांनी 1915 मध्ये सशाच्या बांधलेल्या आतड्यात जंतू सोडून पाहिले होते, पण ते छोटे फ्रेंच टिपण विस्मृतीत गेले.

डे हे शरीरविकृतिशास्त्रज्ञ. हुगळी जिल्ह्यातल्या गरिबाटी गावी 1915 साली जन्म, कलकत्ता मेडिकल कॉलेजात शिक्षण, मग लंडनला सर रॉय कॅमेरॉन यांच्या हाताखाली 1949 मध्ये पीएच.डी. परतल्यावर त्यांनी पटकी धरली. एका सहकाऱ्यासोबतचा त्यांचा 1953 चा लेख ‘जर्नल ऑफ पॅथॉलॉजी अँड बॅक्टेरिऑलॉजी’त आहे. कृती साधी, म्हणजे कल्पकतेच्या अंगाने साधी: भूल दिलेल्या सशाच्या लहान आतड्याचा एक तुकडा जागच्या जागीच दोन्ही टोकांना दोऱ्याने बांधायचा, त्यात जंतूंचा द्रव सोडायचा, पोट शिवायचे, आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे. तो वळसा पाण्याने टम्म फुगलेला असे. ज्या प्रश्नावर माणसे पिढ्यान्‌पिढ्या वाद घालत होती, त्याला आता मोजपट्टी लावता येत होती: लांबीच्या मानाने किती पाणी साठले. याच पद्धतीने 1956 मध्ये त्यांनी जुलाबाच्या रोग्यांतले काही कोलाय जंतूही आतडे फुगवतात असे दाखवले.

‘नेचर’मधला 1959 चा लेख या पद्धतीचे पुढचे पाऊल. जंतू गाळून काढून टाकले, मागे उरलेले पाणी तेवढे वळशात सोडले, आणि वळसा तरीही फुगला. म्हणजे विष जंतूंच्या देहात अडकलेले नाही, ते बाहेर सोडले जाते. कॉखच्या तर्काला इथे पुरावा मिळाला. प्राधान्याचा प्रश्न असेल तर माझ्या मते तो इथेच मिटतो.

आता परळ. 1899 साली प्लेग रिसर्च लॅबोरेटरी म्हणून सुरू झालेल्या आणि 1925 मध्ये हाफकिनचे नाव मिळालेल्या त्या संस्थेचे पटकीशी नाते नावातच आहे. वाल्डेमार हाफकिन हिंदुस्थानात आले होते तेच पटकीची लस घेऊन. महाराष्ट्रात पटकीला मरीआईचा कोप समजत, वेशीबाहेर तिचा गाडा लोटत, त्या गोष्टीला 1950 च्या दशकात काही फार काळ लोटला नव्हता. दत्ता औषधशास्त्रज्ञ. त्यांचा प्रश्न डे यांच्याहून वेगळा होता: पटकीवर औषध तपासायचे तर पटकी होणारा प्राणी हवा. मोठ्या सशाला तोंडातून जंतू पाजले तर काही होत नाही. म्हणून एम. के. हब्बू यांच्यासह त्यांनी 1955 मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त दूधपित्या सशाचे पिल्लू पुढे आणले. पिल्लाला खरोखरचे जुलाब होत, ते सुकत जाई आणि मरे. आतडे बांधून ठेवायची गरज नाही. रोग जसा माणसात दिसतो तसाच, लहान आकारात.

1959 च्या टिपणात याच पिल्लांना जंतू फोडून काढलेला निर्जंतुक अर्क दिलेला आहे, आणि पिल्लांना पटकीसारखेच जुलाब झाले. पानसे आणि कुलकर्णी ही आडनावे त्या अमेरिकन पानावर वाचताना मराठी वाचक क्षणभर थबकतो, ते सोडा. पण पुरावा म्हणून दोन लेखांतला फरक नीट धरायला हवा. मुंबईचा अर्क फोडलेल्या जंतूंचा होता. त्यातले विष आतले की बाहेर सोडलेले, हे त्यावरून ठरत नाही. ते कलकत्त्याच्या गाळीव द्रवाने ठरले. उलट, विष नुसते आतड्यात पाणी खेचते एवढेच नव्हे, तर संपूर्ण रोग एकटे उभा करू शकते, हे परळच्या पिल्लांनी दाखवले.

यानंतरचा कागद 1964 चा. ‘जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस’, खंड 114. विषय सशाच्या पिल्लांतली प्रायोगिक पटकी. शीर्षकातच जंतुपेशी वगळून उरलेल्या पदार्थांचा उल्लेख आहे. पहिला लेखक रिचर्ड फिंकेल्स्टाइन, दुसरा नॉरिस, आणि तिसरा एन. के. दत्ता. माझ्या युक्तिवादाचा खुंटा हा आहे. फिंकेल्स्टाइनने पुढे पाच वर्षे जे विष शुद्ध करत नेले, त्यात दर टप्प्यावर ‘अजून विष आहे का?’ हे विचारायला त्याच्याकडे मुंबईचे पिल्लू होते. पिल्लाला पटकी करणारा पदार्थ म्हणून त्याने त्याला नावही ‘कॉलराजेन’ दिले. दुसरी कसोटी जॉन क्रेग यांची 1965 ची: सशाच्या कातडीत सुईने थोडे सोडून रक्तवाहिन्या किती झिरपतात ते पाहायचे.

जंतूंची जात होती इनाबा 569 बी, भरपूर विष सोडणारी. रेणूंच्या आकारानुसार वेगळे करणाऱ्या जेलच्या नळकांड्यांतून द्रव पुन्हा पुन्हा गाळत, डॅलसमध्ये फिंकेल्स्टाइन आणि लोस्पालूटो यांनी 1969 मध्ये ‘जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल मेडिसिन’मध्ये दोन शुद्ध प्रथिने मांडली: विषारी कॉलराजेन, आणि त्याचे निरुपद्रवी भावंड कॉलराजेनॉइड. प्रतिद्रव्यांना दोन्ही सारखीच वाटत, पिल्लाला मात्र एकच मारी. ते भावंड का निरुपद्रवी, याचा उलगडा काही वर्षांत झाला. विषाचे दोन भाग: ‘बी’ जातीच्या पाच तुकड्यांचे कडे, आणि त्यात बसलेला एक ‘ए’. कडे पेशीला चिकटते, ‘ए’ आत शिरून काम करतो. कॉलराजेनॉइड म्हणजे नुसते कडे.

इथपासून पुढचा इतिहास मी शोधनिबंधांच्या मुख्य मजकुरात न शोधता शेवटच्या ऋणनिर्देशांत शोधला, आणि ते फायद्याचे ठरले. 1970 च्या दशकातले निबंध उघडा: चरबीच्या पेशी असोत, कबुतराच्या रक्तपेशी असोत, पद्धतींच्या मजकुरात किंवा तळाशी पुन्हा पुन्हा तेच वाक्य येते की विष डॉ. फिंकेल्स्टाइन यांनी अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या करारावर बनवले होते. एकाच हातचे शुद्ध विष सगळ्यांकडे, म्हणून एकाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाहता येत. हत्यार हत्यार बनते ते असे. नुसते शुद्ध असून भागत नाही, सर्वांच्या हाती तेच असावे लागते.

या हत्याराने काय केले? 1970 च्या सुमारास व्हॉन, पिअर्स आणि ग्रीनो यांनी ते आतड्याशी काही संबंध नसलेल्या चरबीच्या पेशींना दिले, तर त्याही हार्मोन मिळाल्यासारख्या वागू लागल्या. 1971 मध्ये फील्ड, किम्बर्ग आणि मंडळींनी आतड्याच्या अस्तरात अॅडेनिलेट सायक्लेज हे एन्झाइम विषाने जागे होते, असे दाखवले. त्याच वर्षी डब्ल्यू. ई. व्हान हेनिंगेन यांना दिसले की पेशीच्या पटलातला गँग्लिओसाइड हा मेदरेणू विषाला निकामी करतो. 1973 पर्यंत नेमका पाहुणचार करणारा रेणू जीएम-1 असल्याचे ठरले. आता एखाद्या पेशीवर जीएम-1 कुठे आहे, हे शोधायला विषाचे कडे हीच सुई झाली.

सगळ्यात सुरेख पाऊल मात्र 1975 ते 1978 या काळातले. मायकेल गिल यांना कबुतराच्या रक्तपेशींत दिसले की विषाला काम करायला एनएडी हा पेशीतला रेणू लागतो. विष त्याचा एक तुकडा तोडून दुसऱ्या कुठल्या तरी प्रथिनाला चिकटवते. कुठल्या? किरणोत्सारी खूण लावलेले एनएडी दिले आणि जेलवर पेशींची प्रथिने पसरली, तर सुमारे 42,000 डाल्टन वजनाच्या एका पट्ट्यावर खूण उमटली. हे 1978 मध्ये कॅसल आणि फॉइफर यांनी, आणि गिल व मेरेन यांनी स्वतंत्रपणे, अमेरिकन अकादमीच्या एकाच नियतकालिकात छापले. 1977 मध्ये कॅसल आणि सेलिंगर यांनी त्याचा अर्थ आधीच सुचवला होता: विष या प्रथिनाला जीटीपी हा रेणू तोडू देत नाही, म्हणून एकदा चालू झालेले बटण बंदच होत नाही. चोराने घरात शिरताना ज्या कडीला हात लावला, तिच्यावरच्या ठशांवरून घरमालकाला आपल्याच घरातली कडी सापडावी, तसे हे. ते प्रथिन पुढे गिलमन यांच्या प्रयोगशाळेत वेगळे केले गेले आणि त्याला जीएस म्हणू लागले. डांग्या खोकल्याच्या विषाने जपानमध्ये कातादा आणि उई यांनी त्याचा उलट्या दिशेचा जोडीदार पकडला. 1994 चे नोबेल याच कुळातल्या जी-प्रथिनांसाठी गिलमन आणि रॉडबेल यांना मिळाले.

त्याच 1978 सालात स्टॉकहोमला पटकी आणि तिच्यासारख्या जुलाबांवर नोबेल परिसंवाद झाला आणि त्याला डे यांना बोलावले होते. ते 1973 मध्येच निवृत्त झाले होते. भारतातल्या एकाही विज्ञान अकादमीने त्यांना जिवंतपणी सदस्य करून घेतले नाही. 1985 मध्ये ते गेले. युजीन गारफील्ड यांनी 1986 मध्ये संदर्भांचे हिशेब मांडून त्यांचे ऋण दाखवले, आणि 1990 मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला. हा न्याय उशिरा झाला, पण झाला. दत्ता, हब्बू, पानसे, कुलकर्णी यांच्या वाट्याला तेवढाही विशेषांक नाही, कारण जो प्राणी कसोटी म्हणून वापरला जातो त्याच्या निर्मात्याचे नाव संदर्भांच्या यादीत चार-पाच वर्षांत मावळते. लोक नंतर फिंकेल्स्टाइनचा संदर्भ देतात, आणि फिंकेल्स्टाइनच्या तळटिपा कोणी वाचत नाही.

दरम्यान निरुपद्रवी कड्याचा स्वतंत्र संसार थाटला गेला. मज्जातंतूंच्या टोकांना ते जीएम-1 वर चिकटते आणि उलट दिशेने पेशीच्या मुख्य भागाकडे ओढले जाते. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मेंदूतले मार्ग काढणारे लोक ते रंगासारखे वापरतात. कॉलराजेनॉइड त्या काळी फिंकेल्स्टाइनच्या दृष्टीने शुद्धीकरणातला सोबती होता. आता तो पटकीच्या तोंडावाटे घ्यायच्या एका लशीचा घटक आहे, आणि उंदराच्या मेंदूतले धागे उलगडणाऱ्याच्या टेबलावरही आहे.

माझ्या शेवटच्या कागदावर सहीशिक्का नाही. तो प्रयोगशाळांना विष विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधला एक उतारा आहे: कोरडी केलेली पूड, मायक्रोग्रॅममध्ये वजन, आणि जातीच्या रकान्यात ‘इनाबा 569 बी’.