सर्वांना वाचून दाखवावयाचे पत्र

श्रोतेहो, गावात पत्र आले म्हणजे काय होत असे, हे आपल्यातील वयस्कर मंडळींना चांगले आठवत असेल. पोस्टमन पत्र द्यायचा, आणि ते घेऊन म्हातारी शाळेच्या पायरीशी यायची. "गुरुजी, पोराचं पत्र आलंया, जरा वाचता का?" गुरुजी वाचावयास लागले की आणखी दोघेचौघे जवळ सरकत. पत्र एकाचे, पण ऐकणारे पाच. वाचून झाल्यावर म्हातारी म्हणे, "ते मधलं पुन्यांदा वाचा." आज आपणांपुढे ज्या पत्राची हकीकत ठेवणार आहे, ते अशाच रीतीने ऐकण्यासाठी लिहिलेले होते. फरक इतकाच की ते सुमारे एकोणीसशे पंचाहत्तर वर्षांपूर्वीचे आहे.

वडीगोद्रीच्या फाट्यावर उभे राहिले की धुळे-सोलापूर हमरस्ता डोळ्यांसमोरून जातो, आणि जालना-अंबडकडून येणारा रस्ता त्याला तेथेच मिळतो. ट्रक कोठला, माल कोठला, माणसे कोठली! फाट्यावरच्या चहावाल्याला चार मुलखांच्या बातम्या आयत्या मिळतात. ग्रीसच्या उत्तरेकडील मॅसिडोनिया प्रांतात थेस्सलनीका नावाचे शहर होते, आजही आहे, ते अशाच हमरस्त्यावर वसलेले होते. रोमन लोकांनी बांधलेला एग्नाशिया नावाचा राजरस्ता त्या शहरातून जाई. शिकंदर बादशहाच्या बहिणीचे नाव त्या शहराला इसवी सनापूर्वी ३१५ च्या सुमारास दिले गेले. बंदर, बाजार, प्रांताची राजधानी. नवा विचार घेऊन येणाऱ्या प्रवाशाला याहून सोयीची जागा कोणती?

तेथे पौल नावाचा एक यहुदी गृहस्थ आपल्या दोन सोबत्यांसह आला. येशू ख्रिस्ताला क्रुसावर चढवल्याला तेव्हा जेमतेम वीस वर्षे झाली होती. पौलाचा मुक्काम तेथे फार झाला नाही. काही आठवड्यांचा किंवा फार तर काही महिन्यांचा असावा. तेवढ्यात काही लोक त्याच्या मागे आले, आणि शहरात दंगाही झाला. यासोन नावाच्या यजमानाच्या घरावर जमाव चालून गेला, त्याच्याकडून जामीन घेतला गेला, आणि पौलाला रात्रीच्या रात्री गाव सोडावे लागले. मागे राहिली ती चार दिवसांची मंडळी. त्यांना ना मंदिर, ना ग्रंथ, ना गुरू जवळ. शेजारी मात्र रागावलेले.

पुढे पौल करिंथ शहरी पोहोचला. त्याने आपला तरुण सोबती तीमथ्य ह्याला चौकशीसाठी परत धाडले होते. तो बातमी घेऊन आला, आणि मग पौलाने हे पत्र लिहिले. साल ५० किंवा ५१. हा काळ कसा ठरला म्हणाल, तर डेल्फी येथे सापडलेल्या एका शिलालेखावरून. पौल करिंथात असताना गल्लियो नावाचा जो सुभेदार तेथे होता, त्याचा उल्लेख त्या लेखात आहे, आणि त्यावरून वर्षांचा हिशेब बसतो. ख्रिस्ती धर्माचे जे लिखाण आज उपलब्ध आहे त्यात हे पत्र सर्वांत जुने, असे बहुतेक अभ्यासक मानतात. चारही शुभवर्तमाने ह्यानंतरची आहेत. म्हणजे ह्या धर्माचे आपल्या हाती आलेले पहिले लिखाण म्हणजे एक घरगुती पत्र! शास्त्रग्रंथ मागाहून आले.

आपल्याकडे ह्याचे नवल वाटू नये. चांगदेवाने ज्ञानेश्वरांना कोरा कागद धाडला, कारण मायना काय लिहावा हेच त्याला कळेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? त्याला उत्तर गेले ते पासष्ट ओव्यांचे. जांबेच्या समर्थांची पत्रेही आपण ऐकून आहोत, आणि जांब तर आपल्याच जिल्ह्यातले.

ह्या पत्रात पौल सांगतो तरी काय? प्रथम तो आठवण काढतो. मी तुमच्यात असताना दाई जशी पोटच्या लेकरांना जपते तसा वागलो, असे म्हणतो, आणि थोड्याच ओळींनी स्वतःला बापाची उपमा देतो. 'बंधूंनो' हा शब्द त्यात पुनःपुन्हा येतो. घरच्यांनी टाकलेल्या माणसांना हा शब्द कसा लागला असेल, ते ज्याला कधी वाळीत टाकले असेल त्यालाच कळेल.

मग कामाची गोष्ट येते, आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. शांतपणे राहा, आपापला उद्योग पाहा, स्वतःच्या हातांनी काम करा, म्हणजे बाहेरच्यांपुढे मान ताठ राहील आणि कोणाच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्याचा आशय. हे नुसते सांगणे नव्हते. पौल स्वतः तंबू शिवण्याचा धंदा करी. तंबू कातड्याचेही असत, त्यामुळे त्याचे काम बहुधा चामड्याचे असावे असे पुष्कळांचे मत आहे. मी कोणावर भार होऊ नये म्हणून रात्रंदिवस राबलो, याची तो त्यांना आठवण करून देतो. रोमन समाजातील वरच्या लोकांना हातकामाचा तिटकारा असे. सिसेरोसारखा विद्वानही कारागिराचा धंदा हलका मानी. तेथे हा शिकलासवरलेला माणूस दाभण हातात घेऊन बसतो आणि बसल्या बसल्या धर्म सांगतो. आपल्याला गोरोबा आठवतात, सावतामाळी आठवतात, रोहिदास आठवतात. देश वेगळा, काळ वेगळा, श्रद्धाही वेगळी. पण हाताला काम असलेल्या माणसाच्या तोंडून आलेली गोष्ट ऐकणाऱ्याला निराळी लागते.

हा उपदेश करण्याचे कारण काय? काही म्हणतात, प्रभू आता येणारच, मग नांगर कशाला धरा, असे काहींना वाटू लागले होते. काही म्हणतात, धनिकाच्या दारी सकाळी मुजरा करून त्याच्या आश्रयावर जगण्याची जी रोमन रीत होती, ती मोडावी असा हेतू होता. दोन्ही खरे असेल.

तिसरी गोष्ट मरणाची. पौल गेल्यावर त्या मंडळीतली काही माणसे वारली. मागे राहिलेल्यांना चिंता पडली की प्रभू येईल तेव्हा आमची ही माणसे चुकतील की काय! पौल त्यांना रडू नका असे म्हणत नाही, हे ध्यानात घ्या. आशा नसलेल्यांसारखे रडू नका, इतकेच म्हणतो. गेलेली माणसे आधी उठतील, मग आपण जिवंत असलेले त्यांना मिळू, असा धीर देतो. 'आपण जिवंत असलेले' ह्या शब्दांवरून दिसते की तो दिवस आपल्या हयातीत येईल असे त्याला वाटत होते. तसे झाले नाही. इतिहास सांगताना हे लपवून चालणार नाही. तसेच ह्या पत्रात यहुदी लोकांविषयी काही कठोर वाक्ये आहेत. लिहिणारा स्वतः यहुदी होता, भांडण घरातले होते. पण पुढच्या शतकांत युरोपात त्या वाक्यांचा यहुद्यांविरुद्ध फार वाईट उपयोग केला गेला.

आता हे सारे आपल्या जिल्ह्याशी कसे जुळते ते सांगतो. मराठीत नवा करार प्रथम छापला गेला १८११ साली, बंगालात श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरीच्या छापखान्यात, आणि तोही मोडी लिपीत. मुंबईच्या अमेरिकन मिशनने १८२६ मध्ये दुसरे भाषांतर काढले. म्हणजे पौलाचे हे पत्र मराठीत येऊन दोनशेवर वर्षे झाली. पण ते नव्या मंडळीला लागू पडण्याचा प्रसंग आपल्या मुलखात आला तो नारायण शेषाद्री ह्यांच्यामुळे.

नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घराण्यातले. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना १८४३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, अवघा बारा वर्षांच्या आसपासचा, तोही मिशनऱ्यांकडे राहिला होता. बापाने कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या ताब्यात दिला. मुलगा घरी आला, पण जातीत घ्यावा की नाही, यावरून मुंबईत केवढा गहजब! प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, ह्या बाजूने 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले आणि त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. एक भाऊ गेला, एक परत आला, आणि घर मात्र दुभंगले. त्या बापाच्या बाजूनेही आपण एकदा विचार करून पाहावा. मिशनऱ्यांच्या कागदांत त्याचे दुःख फारसे सापडत नाही.

नारायण शेषाद्रींना १८५४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि १८६० नंतरच्या काळात ते निजामाच्या राज्यात जालन्यास आले. तेथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्यांच्याकडे जी माणसे आली ती बहुतेक गावकुसाबाहेर ठेवलेली, मांगवाड्यातली नि महारवाड्यातली. आणि आता आपला पत्रातला प्रश्न पुन्हा उभा राहिला. ह्या माणसांनी जगावे कशावर? गावकी सुटली, बलुते तुटले, मयत झाले तर खांदा कोण देणार याचीही भ्रांत. मिशनच्या दारात बसून खावे, तर तेही एक प्रकारचे बलुतेच! शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग ह्यांच्याकडे जमीन मागितली, ती मिळाली, आणि जालन्याजवळ एक नवे गाव वसवले. त्याला नाव दिले बेथेल, म्हणजे इब्री भाषेत देवाचे घर. तेथे प्रार्थनामंदिर झाले, शाळा झाली, आणि मुख्य म्हणजे शेत झाले. आदल्या पिढीपर्यंत ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्यांच्यात एक ब्राह्मण कुळातला माणूस घर करून राहिला. १८७३ मध्ये तो न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेस गेला, तेथे भाषण करून परत ह्याच लोकांत आला. १८९१ मध्ये त्याचा अंत झाला.

बेथेल हा उपाय सर्वस्वी बरोबर होता असे मी म्हणणार नाही. वेगळे गाव वसवले की जुन्या गावाला बदलण्याची गरजच उरत नाही. गावकुसाबाहेरची माणसे आणखी एका कुसाच्या आत जातात. पण त्या काळी दुसरी वाट कोणती होती, हे विचारले तर मलाही चटकन सांगता येणार नाही. पौलाच्या पत्रात वेगळी वसाहत नाही. त्याच शहरात, त्याच शेजाऱ्यांत राहा, आणि कोणी वाईट केले तर उलट वाईट करू नका, असे तो सांगतो. आळशाला ताकीद द्या, घाबरलेल्याला धीर द्या, दुबळ्याला हात द्या, सर्वांशी दमाने घ्या. आणि कोणी काही सांगितले तर ते पारखून पाहा, चांगले तेवढे धरा. शिक्षकमंडळींनी ही शेवटची गोष्ट वर्गात सांगावयास हरकत नाही. भाव न पारखता आपण भाजीसुद्धा घेत नाही.

आणखी एक गंमत. पत्राच्या शेवटी पौल एकदम शपथ घालतो: हे पत्र सगळ्या बंधूंना वाचून दाखवलेच पाहिजे! इतकी जड शपथ कशासाठी? बहुधा ह्यासाठी की त्या मंडळीत वाचता येणारे थोडे असतील, राबणारे जास्त. ज्याला अक्षर येते त्याने पत्र आपल्याजवळच ठेवले, आणि चार ओळी सांगून बाकीचे गुंडाळले, तर काय?

पौलाच्या हातचा मूळ कागद राहिला नाही. पण पपायरसवरच्या एका जुन्या प्रतीची पाने सापडली आहेत, साधारण इसवी सन २०० च्या सुमाराची. त्यांतली काही डब्लिनला आहेत, काही अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. त्या प्रतीत ह्या पत्राचा मधला बराच भाग गळून गेला आहे. जे उरले ते तुकडे तुकडेच आहेत. पत्राचा शेवट मात्र त्या तुकड्यांत आला आहे, आणि सर्वांना वाचून दाखवण्याची ती शपथ तेवढी वाचली आहे.