उत्तुंग प्रदेशातील प्रवासाची आखणी : वऱ्हाडातील एक पूर्वपीठिका

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात कामरगाव वसलेले आहे. हिमालयाची पहिली चढण तेथून शेकडो कोस दूर आहे. तरीही पर्वतप्रवासाच्या आखणीचा इतिहास या परिसरापासून आरंभणे अप्रस्तुत ठरत नाही. कारण अशा आखणीच्या दोन परंपरा, एक यात्रेकरूंची व दुसरी भूमापकांची, या भागाला स्पर्श करून गेल्या आहेत.

पहिली परंपरा प्राचीन होय. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान. बालवयातच गृहत्याग करून ते काशीस गेले व तेथे त्यांनी संन्यास घेतला, ही ‘गुरुचरित्रा’तील कथा सर्वपरिचित आहे. दक्षिणेतील यात्रेकरूला काशीच्याही पलीकडे बदरी-केदाराची ओढ असे. या यात्रेची आखणी कागदावर नव्हे, तर भाषेत साठविलेली होती. ‘मजल’ हा अरबी मूळ असलेला शब्द मराठीत केवळ अंतर दर्शवीत नाही. एका दिवसात चालून होणारी वाट तो दर्शवितो. ‘कोस’ जमिनीचा असतो, ‘मजल’ मात्र चालणाऱ्याच्या पायांची असते. चढणीवर कोस घटतात, पण मजल ती मजलच राहते. गढवालच्या वाटेवरील ‘चट्टी’ म्हणजे विसाव्याचे व शिध्याचे ठिकाण. अशा चट्ट्यांच्या आधारे यात्रेकरू हरिद्वाराहून पायी, संथपणे वर जात. सुमारे 3,580 मीटर उंचीवरील केदारनाथास पोचण्यापूर्वी विरळ हवेची सवय शरीराला आपोआप होत असे. अहिल्याबाई होळकरांनी (1725–1795) केदारनाथ व बदरीनाथ येथे धर्मशाळा बांधविल्या. त्यांकडे केवळ दानधर्म म्हणून पाहणे अपुरे होईल. स्वतः न चालणाऱ्या राज्यकर्तीने चालणाऱ्यांच्या मुक्कामांची केलेली ती तरतूद होती.

दुसरी परंपरा मापनाची. विल्यम लॅम्बटन याने 1802 मध्ये मद्रास येथे पायारेषा मोजून त्रिकोणमापनास आरंभ केला. त्यातूनच दक्षिणोत्तर जाणारा महाकंस सिद्ध झाला. बीदरनजीकच्या दमरगिद्द्यापासून वऱ्हाडातील टाकळखेड्यापर्यंत, म्हणजे सुमारे 18 अंश 3 कला ते 21 अंश 6 कला या अक्षांशांच्या दरम्यान, या कंसाचा एक खंड येतो. कामरगाव याच पट्ट्यात, त्या रेषेच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर आहे. 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाट येथे लॅम्बटनचा मृत्यू झाला. त्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट याने हे काम वऱ्हाडातून उत्तरेकडे नेले व 1825 पर्यंत ते सिरोंजला पोचविले. पुढे हीच मालिका डेहराडूनपर्यंत गेली. तेथून पूर्वेकडे निघालेल्या त्रिकोणमालिकेवरील बिहारच्या सपाटीतील स्थानकांवरून 1849–50 मध्ये पंधराव्या क्रमांकाच्या शिखराचे वेध घेण्यात आले. राधानाथ सिकदार यांच्या गणितातून त्याचे सर्वोच्चत्व निष्पन्न झाले, आणि 1856 मध्ये 29,002 फूट ही त्याची उंची प्रसिद्ध झाली. शिखरावर कोणाचेही पाऊल न पडता ती निश्चित झाली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

तथापि, सपाटीवरून सर्वच मोजता येत नाही. 1855 मध्ये सुरू झालेल्या काश्मीरच्या सर्वेक्षणात खुणेचे खांब प्रत्यक्ष माथ्यावर रोवावे लागले. ते वाहणाऱ्यांना ‘खलाशी’ म्हणत. मराठीत हा शब्द समुद्रावरील नाविकाचा; भूमापनखात्यात तो पर्वतावर चढणाऱ्या मजुराचा झाला. 1860 मध्ये स्पितीतील शिल्ला शिखरावर अशाच एका खलाशाने खांब रोवला. या शिखराची उंची तेव्हा 23,000 फुटांहून अधिक मानली गेली आणि मानवाने गाठलेली सर्वाधिक उंची म्हणून तिचा दीर्घकाळ उल्लेख होत राहिला. पुढील मापनात ती सुमारे 6,130 मीटर, म्हणजे वीस हजार फुटांच्या आसपास ठरली. आकड्याची दुरुस्ती झाली. त्या खलाशाचे नाव मात्र नोंदींत उतरलेच नाही. उंची मोजणाऱ्या योजनेत चढणाऱ्याचा समावेश साधन म्हणूनच होता, असा याचा अर्थ होतो.

या दोन्ही परंपरांचा संगम कुमाऊँच्या नैनसिंह रावत यांच्या प्रवासात आढळतो. परकीयांना बंदी असलेल्या तिबेटात ते यात्रेकरूच्या वेषात गेले आणि जानेवारी 1866 मध्ये ल्हासास पोचले. त्यांच्या जपमाळेत 108 ऐवजी 100 मणी होते. दर शंभर पावलांना एक मणी सरे. सुमारे 2,000 पावलांचा एक मैल होई. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद दडविलेले असत. पाणी कोणत्या तापमानास उकळते यावरून ते स्थळाची उंची काढीत. येथे चालणारा व मोजणारा एकच होता. म्हणूनच 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना त्यांच्याच नावे सुवर्णपदक दिले.

उकळत्या पाण्याचे हे प्रमाण आजच्या प्रवाशालाही उपयुक्त आहे. दर 300 मीटर चढणीला उत्कलनबिंदू सुमारे एका अंशाने उतरतो. त्यामुळे वऱ्हाडी स्वयंपाकातील तुरीची डाळ साडेतीन हजार मीटरवर उघड्या भांड्यात सहजी शिजत नाही, आणि शिधा व इंधन यांचा हिशेब बदलतो. 3,000 मीटरवर रात्रीच्या मुक्कामाची उंची दररोज 500 मीटरहून अधिक वाढवू नये व तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा वैद्यकाचा आजचा दंडक आहे. पायी यात्रेकरूच्या मजलीत तो न सांगता पाळला जात होता. मोटाररस्त्याने येणाऱ्याला तो जाणीवपूर्वक पाळावा लागतो.

नकाशाने प्रवाशाला उंची दिली, परंतु मजलीचे भान त्याच्याकडून काढून घेतले. उत्तुंग प्रदेशाची आखणी सपाटीवरच करावी लागते, हे खरे. पण ती अंतराच्या मापाने न करता सोबतच्या सर्वांत मंद चालणाऱ्याच्या व ओझे वाहणाऱ्याच्या मापाने केली, तरच ती माणसांना सुखरूप परत आणते. शिल्लावरील खलाशाच्या निनावी खांबाचा हाच बोध होय.